काळोख राखणारा रेणू

कर्करोगाची गाठ कापून काढताना ती नेमकी कुठे संपते आणि निरोगी ऊती कुठे सुरू होते, हे शल्यविशारदाच्या डोळ्यांना आणि बोटांना पुष्कळदा उमगत नाही. कमी कापले तर रोग मागे राहतो, जास्त कापले तर जिभेचा, गालाचा किंवा स्तनाचा निरोगी भाग विनाकारण जातो. या जुन्या अडचणीवर रसायनशास्त्राने शोधलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे विकरांमुळे उजळणारे शोधक रेणू, ज्यांना प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीत नुसते 'प्रोब' म्हणतात. विकर म्हणजे एन्झाइम, अर्थात पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. काही विकरे कर्करोगाच्या पेशींमध्ये नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्रमाणात आढळतात, आणि शोधक रेणूची रचना अशी केलेली असते की त्यातील एक ठरावीक बंध त्या विकराने तोडला की, आणि तेव्हाच, तो रेणू चमकू लागावा. नागपुरात या रेणूंवर काम करण्यात गेलेल्या वर्षांचा हा वृत्तान्त आहे. त्यातील व्यक्ती आणि संस्था मुद्दाम अनामिक ठेवल्या आहेत, कारण त्यात सांगितलेल्या चुका या क्षेत्रातील कोणत्याही प्रयोगशाळेत घडू शकतात आणि घडतात.

ज्या चमकण्याचा येथे संबंध आहे त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. एखादा पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतो आणि अत्यल्प काळात त्याहून कमी ऊर्जेचा, म्हणजे अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो; फ्लुओरस्पार या खनिजावरून जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ च्या सुमारास या घटनेला तिचे इंग्रजी नाव दिले. घरात ती पाहायची असेल तर चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये विरघळवून त्या द्रावणावर नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याचा प्रकाश टाकावा; पिवळे द्रावण हिरवट तेजाने उजळून निघते, कारण हळदीतील करक्युमिन हे प्रतिदीप्त द्रव्य आहे. संत्र्याच्या सालीतही कूमारिन कुळातील अशी द्रव्ये असतात, आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला हा विषय समजावून सांगायला त्या सालीचा अर्क पुरेसा होतो.

रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात रिसॉर्सिनॉल आणि एथिल ॲसिटोॲसिटेट यांच्यापासून, सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने, एक कूमारिन तयार करण्याचा प्रयोग अनेक महाविद्यालयांत शिकवला जातो. पेखमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभिक्रियेतून मिळणारे पांढरे स्फटिक अल्कधर्मी पाण्यात टाकून अतिनील दिव्याखाली धरले की निळा उजेड पसरतो. बहुतेक विद्यार्थी वितळणबिंदू मोजतात, वहीत नोंद करतात आणि तो पदार्थ विसरून जातात; परंतु याच रेणूच्या टोकाशी असलेल्या ऑक्सिजनवर एखादी शर्करा बसवली तर त्याचा उजेड जवळजवळ विझतो, आणि ती शर्करा तोडणारे विकर भेटताच तो परत येतो. कुलूप लावलेला रंगरेणू आणि विकराची किल्ली, एवढीच या संपूर्ण शास्त्राची मूळ कल्पना आहे. प्रस्तुत लेखकाचा या क्षेत्रातील प्रवेश याच निळ्या उजेडातून झाला, आणि पहिली काही वर्षे उजेड जितका जास्त तितका रेणू चांगला, या समजुतीत गेली. ती समजूत चुकीची होती.

चुकीची कशी, हे कळायला एक प्रसंग कारणीभूत झाला. एका विद्यार्थ्याने अनेक महिन्यांच्या खटपटीने तयार केलेला रेणू कर्करोगाच्या पेशींवर टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी हिरव्यागार चमकल्या. अंधाऱ्या खोलीत सगळे गोळा झाले, छायाचित्रे काढली गेली, शोधनिबंधाच्या मथळ्याची चर्चा सुरू झाली. चार दिवसांनी, कोणीतरी सुचवले म्हणून, ज्या बशीत एकही पेशी नाही, केवळ पेशी वाढवण्याचे पोषक माध्यम आहे, तिच्यातही तोच रेणू टाकून पाहिला, तर तीही चमकली. रंगरेणू आणि त्याचे कुलूप यांना जोडणारा बंध एस्टर प्रकारचा होता, आणि पोषक माध्यमात मिसळलेल्या वासराच्या रक्तद्रवात एस्टर तोडणारी विकरे मुळातच असतात. कर्करोगाशी त्या उजेडाचा काडीचाही संबंध नव्हता. बंध बदलून अमाइड प्रकारचा, अधिक चिवट बंध बसवण्यात जवळपास एक वर्ष गेले. रिकाम्या बशीचा प्रयोग पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही याची जबाबदारी विद्यार्थ्यापेक्षा मार्गदर्शकावर जास्त होती, कारण हिरव्या चित्राच्या मोहात सर्वांत आधी मार्गदर्शकच पडला होता.

त्या प्रसंगानंतर प्रयोगशाळेतील कामाचा क्रमच उलटा झाला. नवा रेणू तयार झाला की तो कुठे चमकतो हे पाहण्याआधी तो कुठे चमकत नाही हे तपासले जाऊ लागले: शुद्ध पाण्यात, वेगवेगळ्या आम्लतेच्या द्रावणांत, रक्तद्रवात, एक रात्र सदतीस अंशांवर ठेवल्यावर, दिव्याच्या प्रखर प्रकाशात काही मिनिटे धरल्यावर. एखाद्या शोधक रेणूची किंमत त्याच्या काळोखावर ठरते, कारण पार्श्वभूमीतील उजेड अर्ध्यावर आला तर गाठ आणि निरोगी ऊती यांच्या उजेडाचे गुणोत्तर दुप्पट होते, आणि तेवढीच वाढ मूळ रंगाची चमक वाढवून मिळवणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार अवघड असते. शुद्धीकरणाच्या शेवटच्या टप्प्यात कुलूप न बसलेल्या मूळ रंगाचा शंभरावा हिस्सा जरी मागे राहिला, तरी तो आधीपासूनच चमकत असतो आणि पुढील सर्व मोजमापे बिघडवतो. म्हणूनच या कामातील सर्वाधिक तास संश्लेषणापेक्षा क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभावरील शुद्धीकरणात जातात, आणि ते तास कोणत्याही शोधनिबंधात दिसत नाहीत.

या संदर्भात नागपूरशी थोड्या काळासाठी जोडलेल्या एका नावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीनिमित्त काही काळ नागपुरात होते. पुढे कलकत्त्यात १९२३ मध्ये त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक मंद, वेगळ्या रंगाचा अंश दिसला, आणि तो द्रवातील अशुद्धीमुळे आलेली क्षीण प्रतिदीप्ती असावी असा पहिला कयास होता. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही तो उजेड गेला नाही, आणि अखेर १९२८ मध्ये ज्याला जग रामन परिणाम म्हणते तो सिद्ध झाला. रामन यांच्या बाबतीत शुद्धीकरणानंतर टिकलेला उजेड हा शोध ठरला. शोधक रेणूंच्या बाबतीत शुद्धीकरणानंतर टिकलेला उजेड हा बहुधा दोष ठरतो. दोन्हीकडे शिस्त मात्र एकच आहे, आणि ती म्हणजे उजेड कुठून येतो हे ठरवल्याशिवाय त्याला अर्थ न देणे.

शोधक रेणूंच्या या शाखेचा इतिहास फार जुना नाही. कर्करोगातील प्रथिने तोडणाऱ्या विकरांनी उजळणारा, अवरक्त प्रकाशाच्या जवळच्या पट्ट्यात काम करणारा पहिला महत्त्वाचा रेणू बोस्टनमधील राल्फ वाइसलेडर यांच्या गटाने १९९९ मध्ये उंदरांत दाखवला. त्यात एका लांब साखळीवर अनेक रंगरेणू इतके जवळजवळ बसवले होते की ते एकमेकांचा उजेड शोषून विझवत, आणि साखळी तुटली की मोकळे होऊन चमकत. २०११ मध्ये टोकियो विद्यापीठातील यासुतेरू उरानो आणि अमेरिकेतील हिसाताका कोबायाशी यांच्या गटांनी वेगळ्या तत्त्वावरचा, आकाराने छोटा रेणू प्रसिद्ध केला. त्यात गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज या विकराने ग्लुटामिक आम्लाचा तुकडा तोडला की आतापर्यंत स्वतःभोवती वळून रंगहीन राहिलेला रोडामाइन कुळातील रेणू उघडतो आणि हिरवा चमकतो. उंदरांच्या पोटातील बारीक गाठींवर हे द्रावण फवारल्यावर एक-दोन मिनिटांतच त्या दिसू लागल्या. यकृताच्या तपासणीच्या अहवालात 'जीजीटी' या नावाने जो आकडा छापलेला असतो तो याच विकराचा, त्यामुळे हे नाव सामान्य वाचकालाही अगदीच अपरिचित नाही.

या विकराचे एक वैशिष्ट्य प्रयोगशाळेच्या फार उपयोगी पडले. ते मूत्रपिंडात निसर्गतःच विपुल असते, आणि परदेशातून मागवलेल्या शुद्ध विकराच्या तुलनेत खाटकाच्या दुकानातला बकऱ्याचा गुर्दा जवळजवळ फुकट मिळतो. सकाळी बाजारातून आणलेल्या ताज्या गुर्द्याचा पातळ काप द्रावणात ठेवला की काही मिनिटांत त्याचा बाहेरील भाग उजळतो, आणि त्याच गुर्द्याचा उकळत्या पाण्यातून काढलेला काप, ज्यातील विकर उष्णतेने निकामी झालेले असते, तो काळाच राहतो. विकराला रोखणारे औषध आधी लावले तर ताजा कापही मंदच राहतो. या तीन कापांची रांग हा त्या प्रयोगशाळेतील प्रत्येक नव्या रेणूचा पहिला मुकाबला ठरला, आणि महागड्या उपकरणांवर महिनोन्महिने घालवूनही न सुटलेल्या काही शंका त्या रांगेने एका सकाळीत मिटवल्या.

गुर्द्याकडे वळण्यामागे नागपूरच्या हवेचाही हात होता. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. ईथरचा उत्कलनबिंदू साडेचौतीस अंशांच्या आसपास आणि डायक्लोरोमिथेनचा चाळीसच्या जरा खाली, त्यामुळे वातानुकूलन बंद पडले की हे द्रावक बाटलीचे झाकण उघडताच उडू लागतात आणि स्तंभाच्या मधोमध बुडबुडे धरून शुद्धीकरण मोडते. याहून वाईट अवस्था विकरांची. कोरड्या बर्फात बांधून निघालेले पार्सल सलग सुट्ट्यांमुळे वाटेत कुठेतरी अडकले, पोहोचेपर्यंत बर्फ उडून गेलेला, आणि आत कोमट झालेली कुपी. एकदा अशाच कुपीतील मेलेल्या विकरावर एका उत्तम रेणूची परीक्षा घेतली गेली आणि तो नापास ठरवून बाजूला ठेवला गेला. दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी तोच रेणू सहज म्हणून गुर्द्याच्या कापावर टाकला तेव्हा चूक उघडकीस आली. भारनियमनाच्या काळात उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरशेजारी रात्री पाळीने झोपणारे विद्यार्थी त्या प्रयोगशाळेने पाहिले आहेत. अपयशाची नोंद करण्यापूर्वी विकर जिवंत होते का हे सिद्ध करावे, हा नियम भिंतीवर लिहिला गेला तो त्या दोन वर्षांच्या नुकसानीनंतर.

पेशी, बशी आणि गुर्दा यांच्या पलीकडे खरी कसोटी माणसाच्या गाठीची, आणि नागपुरात ती कसोटी बहुतांशी तोंडाच्या कर्करोगाची असते. शहरातील लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये मुखाचा कर्करोग अग्रभागी आहे, आणि त्याचे कारण कोणत्याही चौकातील पानठेल्यावर उभे राहिले तर दिसते: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण समोर घोटून दिल्या जाणाऱ्या खर्ऱ्याचे वेड विदर्भात घरोघर शिरलेले आहे. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध मुंबईतील रुग्णांच्या नोंदींवरून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच मांडला होता. इतक्या वर्षांनंतरही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाटहून येणारे रुग्ण नागपूरच्या रुग्णालयांच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेले असतात, आणि त्यांतील अनेकांचे तोंड दोन बोटांपुरतेही उघडत नाही.

नीतिसमितीची परवानगी मिळाल्यावर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा, निदानाला न लागणारा छोटा तुकडा प्रयोगशाळेला मिळू लागला. बर्फाची पेटी स्कूटरवर पायांत धरून, शक्यतो तासाभरात तो प्रयोगशाळेच्या बाकावर पोहोचवायचा असे. त्याआधी संमतिपत्र समजावून सांगायचे काम असे, आणि त्या कामाने शिकवलेली गोष्ट कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. जवळपास प्रत्येक नातेवाईक एकच प्रश्न विचारी: या तुकड्याच्या अभ्यासाने आमच्या माणसाचे काही भले होणार आहे का? प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते. पुढे कधीतरी दुसऱ्या कोणाचे होईल, कदाचित, असे सांगितल्यावरही बहुतेकांनी सही केली किंवा अंगठा उठवला. संशोधनाचा वेग आणि आजाराचा वेग यांच्यातील अंतर ज्या संशोधकाने त्या व्हरांड्यात उभे राहून अनुभवलेले नाही, त्याने आपल्या रेणूबद्दल 'लवकरच रुग्णांना उपयोगी' असे शब्द लिहू नयेत, असे या अनुभवानंतर ठाम मत बनले.

माणसाच्या ऊतीने बशीतील सगळे गणित बदलले. तोंडातील ऊती स्वतःच चमकते. अस्तराखालचे कोलॅजन निळ्या प्रकाशात हिरवट उजेड देते, आणि खर्ऱ्यामुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिस या विकारात, ज्यात गालाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, हेच कोलॅजन साचलेले असते. पांढऱ्या चट्ट्यांवरील केराटिन चमकते. जिभेवरील जीवाणूंनी तयार केलेली पॉर्फिरिन द्रव्ये लालसर चमकतात. उलट रक्त आणि सुपारीतील टॅनिनचे डाग प्रकाश गिळतात. म्हणजे हिरवा उजेड देणारा शोधक रेणू हिरव्याच पार्श्वभूमीवर वाचायचा होता. त्यातच काही गाठी अपेक्षेप्रमाणे उजळल्या, काही काळ्याच राहिल्या, आणि एकाच गाठीचे दोन कोपरे एकमेकांशी जुळेनात, कारण एका विकराचे प्रमाण सर्व रुग्णांत आणि सर्व पेशींत सारखे असते ही धारणाच टिकणारी नव्हती. कर्करोग हे अनेक आजारांचे एकच नाव आहे हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. शेजारी ठेवलेल्या दोन तुकड्यांपैकी एक अंधारात राहतो तेव्हा त्याचा अर्थ पहिल्यांदा कळतो.

या टप्प्यावर एक मोठी उणीव लक्षात आली. रुग्णालयाकडून गाठ मिळत होती, पण त्याच रुग्णाची शेजारची निरोगी ऊती क्वचितच मिळत होती, आणि तिच्याशिवाय गाठीचा उजेड जास्त की कमी हे ठरवायला काही मापच नव्हते. जोडीचा निरोगी तुकडा मिळावा यासाठी विकृतिशास्त्र विभागाशी झालेली बोलणी पुष्कळ लांबली, आणि ती मार्गी लागली एका ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञामुळे, ज्यांनी प्रयोगशाळेत येऊन काप स्वतः पाहिले आणि सांगितले की रसायनवाल्यांनी चमकलेल्या जागेचे चित्र पाठवण्याऐवजी चमकलेल्या जागेचाच काप पाठवावा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तिथे खरोखर कर्करोग आहे का हे बिंदूगणिक तपासता येईल. प्रतिदीप्तीचे चित्र आणि रंगवलेला काप एकमेकांवर बसवून पाहण्याची ती पद्धत सुरू झाल्यावर आधीच्या अनेक निष्कर्षांना मुरड घालावी लागली, आणि उरलेल्यांवर पहिल्यांदा विश्वास ठेवता आला.

दुसरे वळण शस्त्रक्रियागृहात आले. तोवर प्रयोगशाळेचा अभिमान क्वांटम उत्पन्नात होता, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाच्या किती हिस्स्याचे रूपांतर उजेडात होते या आकड्यात. शल्यविशारदाने त्या आकड्याकडे पाहिलेही नाही. त्याचे प्रश्न तीन होते: द्रावण टाकल्यावर किती वेळ थांबायचे, दिवे विझवायचे का, आणि जे चमकत नाही ते नक्की निरोगी धरायचे का. पहिल्या प्रश्नामागचे कारण असे की कडेचा तुकडा गोठवून लगेच तपासण्याच्या फ्रोझन सेक्शन पद्धतीला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि त्याहून सावकाश चालणारा रेणू भूल दिलेल्या रुग्णाच्या काहीच कामाचा नाही. दुसऱ्यामागचे असे की शस्त्रक्रियेच्या प्रखर दिव्यांत हिरवा उजेड बुडून जातो आणि रक्तस्राव चालू असताना कोणी अंधार करू देत नाही. अवरक्त पट्ट्यातील रंग आणि त्यासाठी खास गाळणी लावलेला कॅमेरा यांचे महत्त्व कळले ते त्या दिवशी. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण होता आणि अजूनही आहे. मुखाच्या कर्करोगात गाठीभोवती पाच मिलिमीटर निरोगी ऊती राखून कापणे सुरक्षित मानतात, आणि ती कड जिभेच्या किंवा जबड्याच्या किती भागाच्या मोबदल्यात मिळवायची हा निर्णय शल्यविशारदाचा असतो. न चमकणे म्हणजे निरोगी असणे, असे आश्वासन त्याला देण्याचा अधिकार कोणत्याही रेणूने अद्याप कमावलेला नाही.

जगातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. मेंदूतील ग्लायोमासाठी वापरले जाणारे पाच-अमिनोलेव्युलिनिक आम्ल रुग्णाला प्यायला देतात, आणि पेशीतीलच विकरे त्यापासून लाल चमकणारे पॉर्फिरिन तयार करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत गाठ पूर्णपणे निघालेल्या रुग्णांचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले. स्तनाच्या कर्करोगासाठी पेगुलिसियानिन हा प्रथिनभेदक विकरांनी उजळणारा रेणू अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये मंजूर केला. त्याच्या निर्णायक चाचणीत नेहमीची शस्त्रक्रिया पुरी झाल्यावर या रेणूच्या साहाय्याने ३५७ पैकी २७ स्त्रियांमध्ये मागे राहिलेला कर्करोग सापडला, आणि त्याच चाचणीत उरलेल्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या जागा रेणूने दाखवल्या नाहीत. तीव्र ॲलर्जीचा इशाराही त्याच्या माहितीपत्रकावर ठळकपणे छापावा लागला. १९९९ च्या उंदरापासून २०२४ च्या मंजुरीपर्यंत पंचवीस वर्षे गेली. एवढ्या मोठ्या साधनसंपत्तीच्या देशात एवढा काळ लागला हे लक्षात घेतले तर नागपूरच्या बाकावरील एकही रेणू अद्याप रुग्णापर्यंत पोहोचला नाही, हे सांगताना खेद वाटतो, लाज वाटत नाही.

अधिक खेद वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. या क्षेत्रात दर महिन्याला नवे रेणू प्रसिद्ध होतात, त्यांची चित्रे देखणी असतात, आणि त्यांतील बरेचसे पहिल्या शोधनिबंधानंतर पुन्हा कोणीच तयार करत नाही. विद्यार्थ्याला पदवी नव्या रेणूवर मिळते, जुना रेणू पन्नास रुग्णांच्या जोडीच्या तुकड्यांवर चिकाटीने तपासल्याबद्दल मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखालीही काही वर्षे हेच घडले, आणि त्या वर्षांत तयार झालेल्या रेणूंपैकी निम्मे न करता उरलेल्या निम्म्यांची नीट परीक्षा घेतली असती तर आज हातात अधिक काही असते, हे कबूल केले पाहिजे. एका शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दंत महाविद्यालय, कर्करोगाची रुग्णालये, औषधनिर्माणशास्त्राचा विद्यापीठीय विभाग आणि रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळा काही किलोमीटरच्या परिघात असणे ही मोठी अनुकूलता आहे. या शहरातील तरुण रसायनशास्त्रज्ञांनी नव्या कुलपाच्या मागे लागण्यापूर्वी एखादा ज्ञात रेणू घ्यावा आणि तो खर्ऱ्याने ताठरलेल्या गालाच्या ऊतीवर, निरोगी जोडीसह, चमकलेल्या आणि न चमकलेल्या दोन्ही जागांच्या नोंदींसह तपासावा. असे काम जपानमधील किंवा बोस्टनमधील प्रयोगशाळा नागपूरसाठी करून देणार नाहीत, कारण ती ऊती त्यांच्याकडे नाही.

तोपर्यंत वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तोंडाचा कर्करोग हा साध्या उजेडात दिसणाऱ्या मोजक्या कर्करोगांपैकी एक आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासून केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. घरात कोणी खर्रा खात असेल तर त्याला आरशासमोर उभे करावे, तोंडात तीन बोटे उभी जातात का ते पाहावे, गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला बॅटरीचा उजेड पाडावा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, अथवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम आढळली, तर त्याच आठवड्यात त्याला दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात न्यावे.